कंडक्टरची जागा

मी एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो. कागदोपत्री आम्हाला वाहक म्हणतात आणि ड्रायव्हरला चालक. दोन टोले दिले की गाडी सुटते, एक टोला दिला की थांबते. नव्या कंडक्टरला त्यामुळे हळूहळू वाटायला लागतं की गाडी आपणच चालवतो. मलाही वाटायचं. एकदा घाटात मी ड्रायव्हरला जरा जास्तच सूचना केल्या, तेव्हा त्यानं गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि म्हणाला, “या, बसा इथं.” सगळी गाडी हसली. त्या दिवसापासून मला माझी जागा कळली.

ही जुनी गोष्ट आता काढायला कारण आहे. अलीकडे गावोगाव ध्यानाचे, नामाचे, शांत बसण्याचे छोटे छोटे गट निघताहेत. कुठे सोसायटीच्या गच्चीवर, कुठे ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत, कुठे देवळाच्या ओवरीत. बहुतेक ठिकाणी कोणी गुरू नसतो. शेजारचे एखादे काका किंवा शाळेतून निवृत्त झालेल्या एखाद्या बाई पुढाकार घेतात, सतरंजी अंथरतात, चार माणसं जमवतात. हे लिहिणं त्या काकांसाठी आणि त्या बाईंसाठी आहे. मीही त्यांच्यातलाच. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात 2013 सालापासून दर गुरुवारी आम्ही दहा-पंधरा जण एकत्र बसतो. मी त्यात चुका भरपूर केल्या आणि त्यातली एक दुसऱ्याच्या अंगाशी आली. म्हणून हात जोडून सांगतो, की माणसं जमवा, वेळ पाळा, घंटी वाजवा, पण ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसू नका.

निवृत्त झालो त्याच वर्षी इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आलो होतो. 1976 पासूनचं केंद्र आहे ते. तिथली एक गोष्ट फार लक्षात राहिली. मोठ्या हॉलमध्ये एवढी माणसं बसलेली, समोर सहायक आचार्य बसलेले, आणि ते जवळजवळ बोलतच नाहीत. सूचना येतात त्या गोएंकाजींच्या ध्वनिमुद्रित आवाजात. आचार्य यंत्र सुरू करतात आणि स्वतः डोळे मिटून बसतात. काही विचारायला गेलात तर दोन वाक्यांत उत्तर, आणि परत जागेवर. मला वाटलं होतं, दहा दिवस कोणीतरी आपल्याला भारून टाकणार. भारून टाकायला तिथे कोणी मोकळं नव्हतं.

तिथे हेही बजावलं होतं की इथे शिकलात ते घरी करा, दुसऱ्याला शिकवायला जाऊ नका, त्याला वेगळी तयारी लागते. ते मी आजवर पाळलं. आमच्या गटात विपश्यना शिकवत नाहीत. कोणाला हवी असेल त्याला मी इगतपुरीचा रस्ता सांगतो, गाडी कुठे बदलायची तेही सांगतो, तेवढा माझा अधिकार आहे. मंत्र देणं नाही, प्राणायामाचे प्रकार नाहीत. मग आम्ही करतो काय? 20 मिनिटं गप्प बसतो. ज्याचं नाम आहे त्यानं नाम घ्यावं, कोणी श्वासाकडे लक्ष द्यावं, कोणी नुसतं बसावं. त्यानंतर एक जण ज्ञानेश्वरीच्या दहा ओव्या वाचतो, अर्थासकट. पुन्हा दहा मिनिटं गप्प. संपलं. नवीन माणूस बऱ्याचदा विचारतो, “एवढंच?” एवढंच.

दहा ओव्यांवरून आमची थट्टा होते. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे 9,000. आठवड्याला दहा धरल्या तर सतरा वर्षं लागतात. सप्ताहात लोक सात दिवसांत पारायण उरकतात आणि आम्ही सध्या तेराव्या अध्यायात आहोत. आमच्यातले दोघं जण ग्रंथ पुरा व्हायच्या आधी गेले. पण पारायणात वाचलेली ओवी दुसऱ्या दिवशी आठवत नाही, आणि दहा ओव्यांतली एखादी आठवडाभर चप्पलेत शिरलेल्या खड्यासारखी टोचत राहते, हा माझा अनुभव. तुम्ही ज्ञानेश्वरीच घ्या असं नाही. धम्मपद घ्या, गाथा घ्या, बायबल घ्या. मनाचे श्लोक घेतले तर ते 205 आहेत, आठवड्याला एक धरला तर चार वर्षांची सोय झाली. मात्र एक ग्रंथ धरला की तोच धरा. दर महिन्याला नवं पुस्तक आणणारे गट मी पाहिलेत. त्यांच्याकडे कपाट भरतं.

वार आणि वेळ यांच्याबाबतीत मी हट्टी आहे. एसटीचा माणूस, त्यामुळे लोक हसण्यावारी नेतात. तर त्यांना मी विनोबांचं उदाहरण देतो. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, दर रविवारी एक. पहिलं 21 फेब्रुवारीला, शेवटचं 19 जूनला. कॅलेंडर काढून रविवार मोजा, बरोबर अठरा भरतात, आणि गीतेचे अध्याय अठरा. साने गुरुजी तिथेच कैदी होते, त्यांनी ती उतरून घेतली म्हणून आपल्याला मिळाली. ना हॉल, ना माइक, श्रोतेही कैदीच. तरी अठरात एकही खाडा नाही. आपल्याकडे हॉल असतो, माइक असतो, खुर्च्या असतात, आणि लग्नसराई लागली की गट दोन महिने बंद. मग पावसाळा, मग गणपती. एकदा तुटलेला वार पुन्हा जुळवणं नवा गट काढण्यापेक्षा अवघड आहे. तीनच माणसं आली तरी बसा. एकदा पावसात मी आणि एक गृहस्थ असे दोघंच होतो, त्यात त्यांना झोप लागली. तरी तो गुरुवार मी भरलेला धरतो.

आमच्याकडे साडेतीनला दार लागतं. उशिरा आलेल्यानं बाहेर पायरीवर बसायचं. आतली घंटी तिथं ऐकू येते, तिथंच डोळे मिटायचे, ओव्या सुरू झाल्या की आत यायचं. यावरून एक निवृत्त साहेब माझ्यावर चिडून गेले ते आजतागायत आले नाहीत. वाईट वाटलं, पण दार उघडलं नाही.

वेळ साडेतीनच का, यालाही गोष्ट आहे. सुरुवातीला आम्ही संध्याकाळी सहाला बसायचो, देवळाच्या ओवरीत. सात-आठ पुरुष आणि एक आजी. मी म्हणायचो, बायकांना यात गोडी नाही. माझ्या बायकोनं एकदा कणीक मळता मळता विचारलं, “सहा वाजता कुठली बाई घरातून निघेल, सांगा बरं.” दिवेलागण, पोरांचं खाणं, रात्रीचा स्वयंपाक. वेळ साडेतीनवर आणली आणि महिन्याभरात नऊ जणी आल्या. इतकं साधं होतं ते, आणि मला सात महिने सुचलं नव्हतं.

जागेचंही तसंच. माझ्या ओळखीचे एक बौद्ध गृहस्थ रोज पहाटे तासभर बसणारे, आमच्या सगळ्यांपेक्षा जुने साधक. त्यांना तीन वेळा बोलावलं, तिन्ही वेळा हो म्हणाले आणि आले नाहीत. देवळात कोणी त्यांना अडवलं नसतं. पण त्यांनी देवळात यावं तरी का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. आम्ही वाचनालयाच्या वरच्या खोलीत गेलो आणि पहिल्याच गुरुवारी ते हजर. त्यांच्या मागून मोमीन गल्लीतली एक बाई आली. तिला ओव्या आवडतात, नाम ती तिचं घेते. तुमचा गट कोणासाठी आहे हे फलकावर काय लिहिलंय त्यावर ठरत नाही, उंबरठा कोणाचा आहे त्यावर ठरतं. खोलीत देवाची तसबीर लावायची की नाही यावर आमच्याकडे दोन आठवडे वाद झाला. शेवटी भिंत रिकामी ठेवली. गुडघे दुखणाऱ्यांसाठी चार खुर्च्या आहेत, आणि खुर्चीवर बसणाऱ्याला कमी लेखणाऱ्याला मी सतरंज्या झटकायचं काम देतो.

आता गप्प बसण्याविषयी. गट चालवणाऱ्याला सगळ्यात जड जातं ते हेच. पहिल्या दिवशी 20 मिनिटं सांगू नका. पाच सांगा. नवख्या माणसाला पाच मिनिटं म्हणजे सातारा ते पुणे वाटतं. कोणी खोकेल, कोणाचं पोट वाजेल, कोणाच्या पिशवीत फोन घुरघुरेल. अशा वेळी आपल्याला वाटतं की काहीतरी बोलावं, लोकांना आधार द्यावा. “आता खांदे सैल सोडा, आता मनात निळं आकाश आणा.” नका आणू. माणसं शांत व्हायच्या बेतात असतात आणि आपण पुन्हा त्यांना कामाला लावतो.

मोठ्या जमावालाही आवाज न करता गप्प करता येतं, हे आपल्याकडे फार जुनं आहे. आषाढीच्या जादा गाड्यांच्या ड्यूटीवर असताना लोणंदच्या तळावर ज्ञानोबांच्या पालखीची समाज आरती पाहायचो. हजारो टाळ एकदम वाजत असतात, मृदंग घुमत असतो, कानावर हात ठेवावे लागतील असा गजर. चोपदार दंड उंचावतो, आणि थांबतं सगळं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. बाकी शांत, म्हणून तक्रार कुठली ते लगेच कळतं. चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतो. मग हरवलं-सापडलं पुकारतात. कोणाचा डबा, कोणाची पिशवी. तिकडे विदर्भात गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी, त्यांनी देह ठेवला त्या वेळेला, हजारोंचा समुदाय स्तब्ध उभा राहतो. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळात सकाळचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना असा नेमच आहे. गावातल्या शेतकऱ्यांना, मजुरांना त्यांनी एकत्र गप्प बसायला शिकवलं. आपण बारा माणसांना घाबरायचं काही कारण नाही.

आमच्याकडे दंड नाही, देवघरातली छोटी घंटी आहे. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. ही एसटीचीच पद्धत.

प्रवचनाचा मोह मला दुसऱ्या वर्षी झाला. ओव्यांचा अर्थ सांगता सांगता मी दाखले द्यायला लागलो, दाखल्यावरून आठवणी, आठवणीवरून उपदेश. दहा मिनिटांचं वाचन पाऊण तासावर गेलं. माना हलत होत्या, त्यामुळे मला वाटलं लोकांना आवडतंय. एक दिवस कोपऱ्यातल्या आजी, वारी करणाऱ्या, जेमतेम सही करता येणाऱ्या, म्हणाल्या, “अवो कंडक्टर, तिकिटं फाडून झाली असतील तर सोडा की गाडी आता.” मला राग आला होता, लपवत नाही. आठवडाभर होता. मग मी वाचन दुसऱ्याकडे दिलं. तेव्हापासून वाचणारा दर वेळी बदलतो, आणि वाचणाऱ्यानं छापलेल्या अर्थाबाहेर जायचं नाही असा नियम आहे. ज्यांना खुलासा हवा त्यांच्यासाठी गावात कीर्तनकार आहेत, त्यांचा तो अभ्यास आहे.

याच सुमारास आम्ही पाळीपाळीनं एकेकाच्या घरी बसायचा प्रयोग केला होता. वाचनालयाची रंगरंगोटी चालू होती म्हणून. पहिल्या घरी चहा झाला. दुसऱ्या घरी चहा आणि बिस्किटं. तिसऱ्या घरी पोहे, चौथ्या घरी पोह्यांबरोबर शिरा, आणि सहाव्या घरी बटाटेवडे, वर पार्सल. सातव्या घराची पाळी आली तेव्हा त्या बाईंनी निरोप पाठवला की तब्येत बरी नाही. त्यांच्या घरी दोन खोल्या आणि पाच माणसं, नवरा हमाली करणारा. पुढच्या वेळीही बरी नव्हती. त्यांची तब्येत ठणठणीत होती, मी त्यांना बाजारात पाहिलं होतं. फराळानं गट मोडतात, मंडळी, आणि मोडताना कोणी भांडतसुद्धा नाही, त्यामुळे कळतही नाही. आम्ही रंग वाळायची वाट न बघता परत वाचनालयात गेलो, वासात बसलो. आता चहासुद्धा नाही. त्या बाई परत आल्या आणि हल्ली घंटी त्यांच्याकडे असते.

आता जे सांगायचं ते जरा जड आहे.

2017 साल असेल. आमचा सहावा अध्याय चालू होता. ज्यांनी वाचलाय त्यांना माहीत आहे, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन आहे, आणि ते इतकं जिवंत आहे की वाचणाऱ्याला आपल्याच पाठीत काहीतरी सळसळल्यासारखं होतं. तेव्हा एक इंजिनिअरिंगचा मुलगा यायचा, शांत, हुशार. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, काका, पाठीतून ऊब चढते, रात्री झोप लागत नाही, चार दिवस झाले, पण थकवा अजिबात नाही, सगळं स्पष्ट दिसतं. मी काय सांगावं? मी म्हणालो, “चांगलं लक्षण आहे. बसायचा वेळ वाढव.” मला माझं उत्तर फार आवडलं होतं. एवढ्या वर्षांत आपल्यामुळे कोणाची तरी प्रगती झाली असं वाटलं.

दहाव्या दिवशी त्याची आई माझ्या दारात उभी होती. मुलगा रात्रभर फिरत होता, आवाज ऐकू येतात म्हणत होता, परीक्षेला बसायची गरज नाही म्हणत होता. साताऱ्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, मीही बरोबर गेलो. ते काही रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की झोप लागत नाही हे घरच्यांच्या आधी कोणाला माहीत होतं. मी खाली बघितलं. गोळ्या सुरू झाल्या, वर्ष वाया गेलं, नंतर मुलगा सावरला, आज नोकरी करतो. हे असं नेहमी सावरतंच असं नाही.

म्हणून गट चालवणाऱ्या प्रत्येकाला कळकळीनं सांगतो. कोणी म्हणालं की तीन-चार रात्री झोप नाही आणि तरी दमल्यासारखं वाटत नाही, कानात कोणी बोलतं, आपल्याला खास कामासाठी निवडलंय, डोळे मिटले की धडधडतं आणि भीती वाटते, जगण्यात अर्थ नाही, तर अध्यात्माचा एक शब्दही बोलू नका. बसणं थांबवा. घरच्यांना सांगा. डॉक्टरांकडे न्या, आणि बरोबर जा. रात्री-बेरात्री काही सुचेनासं झालं तर सरकारचा टेलिमानस म्हणून फुकट फोन आहे, 14416, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तो नंबर आमच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला लिहिलाय. आणि कोणाच्याही चालू गोळ्या ध्यानामुळे बंद होतील असं चुकूनसुद्धा म्हणू नका, मग त्या डोक्याच्या असोत, बीपीच्या असोत की साखरेच्या. विपश्यनेच्या शिबिराला प्रवेश देतानासुद्धा अर्जात मनाच्या आजाराविषयी विचारतात. ते आडकाठी म्हणून विचारतात असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, आम्हीही विचारायला हवं होतं.

ज्यांच्या घरात नुकतंच कोणी गेलंय त्यांचंही वेगळं असतं. डोळे मिटले की तोच चेहरा समोर येतो. अशा माणसाला डोळे उघडे ठेवून बसू द्या, खिडकीपाशी जागा द्या, उठून जावंसं वाटलं तर जाऊ द्या. आमच्याकडे एका गृहस्थांनी बायको गेल्यावर चार महिने नुसत्या सतरंज्या अंथरल्या आणि गोळा केल्या. बसले नाहीत. त्यांना कोणी बसा म्हणालं नाही, हे आमच्या गटानं केलेलं एक शहाणपणाचं काम.

अनुभव सांगण्याची प्रथा काही गटांत असते. आमच्यातही होती. एकाला प्रकाश दिसला, पुढच्या गुरुवारी दुसऱ्याला दोन रंगांचा दिसला, तिसऱ्याला चंदनाचा वास आला. ज्यांना काहीच दिसत नव्हतं ती माणसं ओशाळी व्हायला लागली. आम्ही ते बंद केलं. बोलायचं असेल तर गेल्या आठवड्यात काय झालं ते बोला, म्हणजे कोणावर ओरडलात, कुठे गप्प राहता आलं. एकानं बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं, आणि सल्ला कोणी देऊ नये. हा शेवटचा नियम पाळायला आम्हाला पाच वर्षं लागली. आपल्या गावांत माणसाला ताप आला तर डॉक्टरच्या आधी अकरा जणांची औषधं कळतात, तिथे एखाद्याचं दुःख नुसतं ऐकून घ्यायचं म्हणजे जीभ आवळून धरावी लागते.

पैशाचं थोडक्यात सांगतो. आम्ही घेत नाही. एकानं हौसेनं 11,000 रुपये स्पीकरसाठी देऊ केले होते, नको म्हणालो. बारा माणसांना स्पीकर लागला की समजावं, कोणीतरी बोलायच्या तयारीत आहे. वाचनालयाला वर्षाची वर्गणी मात्र सगळे देतात.

पाया पडण्याचं थोडं अवघड आहे, कारण ते आपल्या वळणातच आहे. पहिल्यांदा एक तरुण मुलगी वाकली तेव्हा मी घाईघाईनं मागे सरलो, पण आतून बरं वाटलं. 31 वर्षं सुट्ट्या पैशांवरून शिव्या खाल्लेल्या माणसाला किती बरं वाटलं असेल बघा. दुसऱ्यांदा मी तेवढा मागे सरलो नाही. तिसऱ्या वेळी कोणी वाकलं नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी वाट बघत होतो. त्या रात्री मी गटातल्या त्या बौद्ध गृहस्थांना हे सांगितलं. ते म्हणाले, “पुढच्या वेळी तुम्हीही वाका.” तसंच करतो आता. समोरचा वाकला की मीही वाकतो. दोघांची डोकी आपटायची वेळ येते आणि हसून सुटतो.

या सगळ्यातून प्रगती होते का, असं लोक विचारतात. मला मोजता येत नाही. मोजायचंच असेल तर साधकाला विचारू नये, त्याच्या घरी विचारावं. माझ्या बायकोला मी एकदा धीर करून विचारलं. ती म्हणाली, “गुरुवारी संध्याकाळी तुम्ही बरे असता.” शुक्रवारचं विचारायचं मी टाळलं.

सप्ताहात वीणा पाहिली असेल तुम्ही. सात दिवस ती खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो. रात्री तीनचा पहारा करणारा गडी सकाळी ओळखूही येत नाही, शेतावर गेलेला असतो. वीणेकऱ्याचं नाव पत्रिकेत मोठ्या अक्षरात नसतं. गट सुरू केलात तर दोन वर्षांच्या आत तो दुसऱ्याच्या गळ्यात घाला. किल्ली एकाकडे, घंटी दुसऱ्याकडे, वाचन तिसऱ्याकडे. मला हे आपणहून जमलं नाही. 2021 साली मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पाच गुरुवार घरी बसावं लागलं. मला वाटलं होतं, गट विस्कळीत होईल, कोणीतरी बोलवायला येईल. कोणी आलं नाही. परत गेलो तर दोन नवी माणसं बसलेली, त्यांना मी कोण हेच माहीत नव्हतं. एकानं मला विचारलं, “काका, पहिल्यांदाच का? पाच मिनिटंच बसा आज.”

किल्ली तेव्हापासून माझ्याकडे नाही.

गेल्या महिन्यात साताऱ्याला पेन्शनच्या कामाला गेलो होतो. परतीची एसटी 25 मिनिटं उशिरा लागली, मी कंडक्टरला काही बोललो नाही. स्टँडवरून जवळजवळ पळतच वाचनालय गाठलं, जिना चढलो. तीन वाजून 34 मिनिटं. दार लागलेलं. आत सगळे होते, चपला मोजल्या, चौदा जोड. दार वाजवावं का, असा हात उचललाही होता. मग पायरीवर रुमाल टाकला, पिशवी मांडीवर घेतली आणि बसलो. आत एक टोला पडला.